बातमी येईपर्यंत

आमचं अंबत्तूरमधलं घर भाकरी थापण्याच्या आवाजाने जागं व्हायचं, आणि त्या आवाजावर खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंचा भारी आक्षेप होता. वडिलांची संरक्षण खात्याच्या कारखान्यात बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून चेन्नईला आलो, तेव्हा मी चौथीत होते. एका सकाळी मालकीणबाई जिना चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहून तमिळमध्ये तावातावाने बोलायला लागल्या. आईला एक अक्षर कळेना. गल्लीतल्या मुलींबरोबर खेळून मला तोवर जेमतेम चार शब्द यायला लागले होते, त्यांच्या जोरावर मी अर्थ लावला: रोज पहाटे तुम्ही घरात मारता कोणाला, असं त्या विचारत होत्या. मी आईला सांगितलं. आई आधी दचकली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली, आणि त्यांचा हात धरून त्यांना थेट ओट्यापाशी घेऊन गेली. तव्यावरची भाकरी, वर लोण्याचा गोळा, बाजूला लसणीची चटणी. त्या दिवसापासून मालकीणबाई आवाज ऐकून वर येतच राहिल्या, पण तक्रार घेऊन नव्हे.

तेव्हापासून आई आणि हे शहर यांच्यामध्ये मी उभी राहिले ती कायमचीच. भाजीवाली, गॅसवाला, शाळेतल्या बाई, तापाचं औषध देणारे डॉक्टर, सगळ्यांचं बोलणं माझ्या तोंडून आईपर्यंत जायचं आणि आईचं त्यांच्यापर्यंत. वडील दिवसभर कारखान्यात हिंदीवर निभावून न्यायचे आणि घरी आले की रेडिओला कान लावून बसायचे. मला तमिळ इतकं सवयीचं झालं की झोपेत मी तमिळमध्ये बडबडते अशी आईची तक्रार असे. एवढं सगळं असून मी जात्याच भित्री. पाल, कुत्रा, लिफ्ट, अंधारा जिना, टेलिफोनची घंटा, कशानेही मी दचकायचे. फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन बसायचे. कॉलेजात गेले तरी हे सुटलं नव्हतं. वडील म्हणायचे, ही पोरगी बोलते दोन भाषा आणि घाबरते चार भाषांत.

मराठी माणसांचं एक मंडळ तेव्हा चेन्नईत होतं, अजूनही आहे. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण मंडळातल्या कोणालाच ते आवडायचं नाही. काम साधं होतं. सोलापूर, नांदेड, बीडकडची माणसं मोठ्या ऑपरेशनसाठी इथे यायची आणि स्टेशनवर उतरल्याबरोबर हरवल्यासारखी व्हायची. पाटी वाचता येत नाही, रिक्षावाल्याशी बोलता येत नाही, सांबारभात दोन दिवसांच्या वर उतरत नाही. मंडळाची माणसं त्यांना हॉस्पिटलात पोचवत, डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगत, घरचा डबा देत. आईची भाकरी अशीच मंडळाला लागली. डबा पोचवायला कॉलेजातून मी जायचे, आणि एके दिवशी मंडळाचे चिटणीस कुलकर्णीकाका यांनी मला वॉर्डबॉयशी तमिळमध्ये भांडताना ऐकलं. भांडण डब्यावरून होतं आणि मी घाबरून किंचाळत होते, पण काकांना ऐकू आलं ते फक्त तमिळ. त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी चहाला हजर झाले.

मंडळाचं खरं दुखणं वेगळं होतं, ते मला नंतर कळलं. नवी माणसं यायची आणि टिकायची नाहीत. बँकेतले, रेल्वेतले, शाळांमधले लोक उत्साहाने नाव द्यायचे, एक-दोनदा यायचे आणि मग त्यांना अचानक घरची कामं निघायची. कुलकर्णीकाका रेल्वेच्या ऑफिसात होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीवर परिपत्रक काढावंसं वाटे. गणपतीतल्या बैठकीत त्यांनी ‘गळती’ या विषयावर भाषण केलं. नव्या सभासदांना बिल्ले द्यावेत, वर्षातून एकदा महाबलीपुरमला सहल काढावी, शाल द्यावी. मागच्या खुर्चीवर एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, कपाळावर मोठं कुंकू, मोगऱ्याचा गजरा. त्या म्हणाल्या, “शाल कां? हें काय थंडीनें जातात की लोक?” सगळे हसले. मग माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “ही पोरगी मला द्या. बाकी तुम्ही पहा.”

त्या अक्का. मूळच्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, किती पिढ्या तमिळ मुलखात गेल्या याचा हिशेब त्यांनाही नव्हता. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मैलापूरला देवळाच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचं मराठी ऐकून आई पहिल्यांदा मला आत ओढून कुजबुजली, “हे मराठीच आहे ना गं?” अक्कांचं आमच्याविषयी तसंच होतं. “तुमचं मराठी फार घाईंत असतें,” त्या म्हणायच्या, “जसं कोण्ही मागें लागलें आहे.” पण पुढे दोघींचं जमलं ते खाण्यावरून. अक्का डांगराची पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, घेऊन यायच्या, आई पिठलं द्यायची, आणि आमच्या पिठल्यात काय कमी आहे यावर दोघी तासभर बोलायच्या. दोघींनाही एकमेकींचं निम्मं कळायचं, आणि तेवढं त्यांना पुरायचं.

दर गुरुवारी मी लोकलने सेंट्रलला जायचे, तिथून बसने हॉस्पिटलात. सुरुवातीचे कितीतरी गुरुवार अक्कांनी मला एक शब्द बोलू दिला नाही. कॉफीचा थर्मास धरायचा आणि त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसायचं, एवढंच माझं काम. मला तो अपमान वाटायचा आणि सुटकाही वाटायची. त्या डॉक्टर आणि रोगी यांच्या मधे बसायच्या आणि दोघांचंही बोलणं ‘मी’ म्हणून सांगायच्या. रोग्याला दुखत असेल तर अक्का तमिळमध्ये म्हणायच्या, मला छातीत दुखतं. डॉक्टर म्हणाले मी उद्या बघतो, की अक्का मराठीत म्हणायच्या, मी उद्यां पाहतों. “मध्यें आपण नाहींच गे,” त्या मला समजावायच्या. “खोलींत जें बोललें जाईल तें सगळें इकडचें तिकडे द्यायचें. वाढवायचें नाहीं, लपवायचें नाहीं, गोड करायचें नाहीं.” ऐकायला सोपं वाटायचं. पण त्या वॉर्डात शिरताना फिनेलचा वास आला की मला परत फिरावंसं वाटायचं. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज मागून आला की मी भिंतीला चिकटायचे. ट्रॉलीवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली असेल की काय, या भीतीने मी वळून बघायचीच नाही. घरी परतताना गाडीत बसले की पुढच्या गुरुवारी ताप आल्याचं सांगायचं हे ठरवून टाकायचे. तेव्हा त्या वयात मला वाटायचं की माझ्यासारखं भित्रं माणूस जगात एकच आहे.

तसे गुरुवार सरत असताना नामदेव आणि सुनंदा आले. सांगोल्याकडचे. नामदेव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तिशीचा असेल, हाडापेराने चांगला, पण हृदयाची झडप लहानपणापासून खराब, आणि आता जिन्याच्या चार पायऱ्या चढला तरी ओठ निळे पडायचे. क्लॅरिनेट त्याने बरोबर आणलं होतं. वाजवायला दम नव्हता, तर तो नुसताच ते मांडीवर घेऊन बोटं चालवत बसायचा, आणि सुनंदा ती बोटं बघून कोणतं गाणं चाललंय ते ओळखायची. सुनंदा माझ्याहून थोडीच मोठी, काळीसावळी, तोंडाने फटकळ. डबा उघडला की नामदेव पहिल्यांदा ठेचा शोधायचा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, त्यामुळे आई त्याला अळणी भाकरी आणि अळणी भाजी पाठवायची. “ताई, तुमच्या आईला सांगा,” तो म्हणायचा, “मानूस हृदयानं मरंल का आळणी खाऊन, ते आधी इचारा डाक्टरास्नी.” अक्कांनी नियमाप्रमाणे तेही डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर नुसते हसले. ती दोघं मला फार आवडायला लागली होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर सगळं समजावून सांगणार होते. खोलीच्या दारात अक्कांनी माझ्या हातातून थर्मास काढून घेतला आणि म्हणाल्या, “आज मी मागें बसतें.” मला आधी कळलंच नाही. कळल्याबरोबर मी म्हटलं, अक्का, आज नको, पुढच्या वेळी. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळींही तूं हेंच म्हणशील.” तेवढ्यात सुनंदाने मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. तिने हात जोडले. “ताई, तुमच्या पाया पडते. डाक्टर काय वाईट बोललं तर त्यास्नी सांगू नगा. मला मागनं सांगा. त्यांचं काळीज लई हळवं हाय, ते घाबरून हितनंच माघारी फिरतील. मग तिकडं गावात मरतील माझ्या डोळ्यांदेखत.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मान कशी हलली ते मला आज आठवत नाही, पण तिने ती हो समजून घेतली असावी.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी नामदेवला समोर बसवलं आणि त्याच्याकडे बघून तमिळमध्ये सांगायला लागले. झडप पार निकामी झाली आहे. हृदय फुगलं आहे. ऑपरेशन केलं नाही तर हातात थोडेच महिने. केलं तर तू पुन्हा वाजवशीलही. पण तू उशिरा आलास, त्यामुळे टेबलावरच दगावण्याचा धोका तुझ्या बाबतीत इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. हे ऐकून तूच ठरव. इतकं बोलून ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. नामदेवही माझ्याकडे बघत होता. सुनंदा तर डोळ्यांनी मला बांधूनच घालत होती. मागे खुर्ची हलल्याचा आवाज आला, म्हणून मला वाटलं अक्का उठल्या, आता त्या सांगतील, मी सुटले. पण त्या फक्त नीट बसल्या होत्या. मग मी नामदेवच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघत सगळं सांगितलं. झडप, महिने, पुन्हा वाजवणं, आणि टेबलावर दगावणं. एकही शब्द गाळला नाही. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, आणि गुडघे टेबलाच्या लाकडावर टकटक आपटत होते ते सगळ्यांना ऐकू जात असणार.

नामदेवने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “भ्या वाटतंय का?”

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पलीकडे द्यायचं. मी डॉक्टरांकडे वळून तमिळमध्ये विचारलं, भीती वाटते का? डॉक्टरांनी चष्मा काढला. रोगी असं काही विचारेल याची त्यांना सवय नसावी. टेबलावरचा कागद त्यांनी उगाच सरळ केला आणि म्हणाले, “वाटते. प्रत्येक वेळी वाटते.” मी नामदेवला सांगितलं, “वाटते. प्रत्येक वेळी वाटते.” नामदेवने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. “आगं, मी तुला इचारलं हुतं, पोरी. तुझं गुडघं वाजत्यात म्हनून.” हेही आता पलीकडे द्यायचं की काय, या विचाराने मी रडकुंडीला आले. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. डॉक्टर आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतक्या मोठ्याने हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. मागे अक्काही हसत होत्या. हसणं ओसरल्यावर नामदेव म्हणाला, “सांग त्यास्नी. वरातीत पैला सूर लावायच्या येळंला मला बी लई भ्या वाटायचं. करा म्हनावं.” मी सांगितलं. त्या खोलीत एकटी सुनंदा हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. सुनंदा बाकावर क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी जाऊन बसले तर ती उठून पलीकडच्या बाकावर गेली. मी पाणी नेलं, ते तिने घेतलं नाही. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, “मी हात जोडलं हुतं तुम्हाला. तुम्ही तुमच्या तोंडानं त्यास्नी मरान सांगितलं. ते आत भ्या घेऊन गेल्यात. त्यांचं काय झालं ना, तर मी जल्मभर तुमचं नाव घेऊन रडंन. माझ्या म्होरनं जावा.” तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते, आणि त्यानंतर पुष्कळ काही बघितलं तरी तशी घाबरलेही नाही. आतल्या माणसाचा जीव माझ्या जिभेवर टांगलेला आहे असं मला खरोखर वाटायला लागलं. मी उठले. जिना उतरले. फाटकातून बाहेर पडले आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. ऊन चटचटत होतं, आणि मला थंडी वाजत होती.

अक्का मागून आल्या, सावकाश, चपला ओढत. त्यांनी मला हाक मारली नाही. शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, “जातेस की?”

“वहिनींनीच जा म्हटलं, अक्का.”

“ती म्हणेलच. तिचा नवरा आंत आहे. तूं कां जातेस तें सांग.”

“मला भीती वाटते. त्याला काही झालं तर?”

“झालें तर झालें. तें तुझ्या हातीं नाहीं, माझ्या नाहीं, त्या डॉक्टरच्याही सगळें नाहीं.” बस आली, थांबली आणि गेली. मी चढले नाही, कारण त्या बोलत होत्या. “आत्तां तूं घरीं गेलीस तर काय होईल सांगूं? बातमी तुला कळणार नाहीं. घास तोंडांत धरून तोच विचार. फोन वाजला की तोच विचार. उद्यां इकडे यायला तुझा पाय उचलणार नाहीं, परवां तर नाहींच. मग कोण्ही रस्त्यांत भेटलें तर तूं पलीकडून जाशील. मीं पाहिलें आहे गे. इतके लोक आले आणि गेले. वाईट बातमी ऐकून कोण्ही गेलें नाहीं. जे गेले ते सगळे बातमी यायच्या आधीं उठून गेले.” थर्मासचं झाकण उघडून त्यांनी मला कॉफी ओतून दिली. “बातमी येईपर्यंत बस. मग खुशाल जा, परत येऊं नको, मी बोलवायलाही येणार नाहीं. बरें, सेरी?”

कुलकर्णीकाकांच्या बिल्ल्यांचं आणि शालींचं काय झालं ते आता कोणाला आठवत नाही. अक्कांचं हे वाक्य मात्र मी इतक्या वेळा सांगितलं आहे की माझा मुलगा कंटाळून मान फिरवतो. आम्ही आता पेरुंगुडीला राहतो. आजूबाजूच्या आयटी कंपन्यांतल्या मराठी मुली फोनवर निरोप टाकून मंडळात येतात, हुशार असतात, माझ्यापेक्षा कितीतरी धीट असतात. किती तास द्यावे लागतील असं आधी विचारून घेतात. मी त्यांना म्हणते, तासांचं मला माहीत नाही, पण ज्या दिवशी कोणाच्या सोबत बसाल त्या दिवशी बातमी ऐकल्याशिवाय उठू नका. काहींना ते जुनाट वाटतं. गेल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या रोग्यासाठी बसलेली एक गोड मुलगी मीटिंग आहे म्हणून मधूनच उठून गेली, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. मी तिच्या घरी जाऊन आले. तिने दार उघडलं, चहा दिला, नोकरीविषयी पुष्कळ बोलली, आणि तो म्हातारा रोगी कसा आहे हे शेवटपर्यंत विचारलं नाही. मीच जिन्यावरून वळून तिला सांगितलं की तो बरा होऊन गावी गेला. तशी ती दारातच मटकन बसली. तिची मला दया आली. ती पुन्हा येईल की नाही ते मला माहीत नाही.

त्या दिवशी बसथांब्यावरून मी परत वर गेले. सुनंदाच्या समोरच्या नव्हे, तिच्या पाठीमागच्या बाकावर बसले, म्हणजे तिच्या म्होरं मी नव्हते. अक्का माझ्या बाजूला. दुपार कशी गेली ते सांगता येणार नाही. कँटीनमधून इडल्यांचा वास येत होता आणि मला तो नको वाटत होता. दार उघडलं की आमच्या तिघींच्या माना एकदम वळायच्या, आणि दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारलं जायचं. एका कुटुंबाने तिथेच हंबरडा फोडला. ते ऐकून सुनंदा पेटीवर डोकं टेकून बसली. मी मनातल्या मनात तिला काय सांगायचं ते घोकत होते, आणि प्रत्येक वेळी ती वाईटच बातमी असायची. चांगली बातमी कशी सांगतात हे मी एकदाही घोकलं नाही. तशी काही येईल असं मला वाटतच नव्हतं.

ऊन कललं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. टोपी अजून डोक्यावर, मास्क गळ्यात लोंबत होता. सुनंदा उभी राहिली. तिला माझ्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेले. डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले की ऑपरेशन झालं, मधे एकदा फार कठीण वेळ आली होती, पण तो आहे, आणि नवी झडप चांगलं काम करते आहे. मला सगळं कळलं. कळल्याबरोबर इतका वेळ आवळून धरलेलं सगळं सुटलं आणि मला रडू फुटलं, मोठ्याने, हुंदके देऊन, तोंडावर दोन्ही हात घेऊन. बातमी मला कळली होती, तिला नव्हती. तिला दिसत होतं ते फक्त डॉक्टरांचं दमलेलं तोंड आणि माझं रडणं. सुनंदाने अशी किंकाळी फोडली की ती मला अजून कधीतरी दुपारी झोपेत ऐकू येते. पेटी तिच्या हातातून खाली पडली, आणि ती जमिनीवर बसून डोकं आपटायला लागली.

मी काय केलं ते मला दिसलं आणि माझी बोबडीच वळली. शब्द येईनात. तमिळ येईना, मराठी येईना. डॉक्टरांना काही समजेना, ते नुसते अम्मा, अम्मा म्हणत होते. मी अक्कांकडे बघितलं. त्यांना एका वाक्यात हे संपवता आलं असतं. त्यांनी माझ्या पाठीत जोराने धपाटा घातला आणि ओरडल्या, “बोल!”

“आहेत,” मी म्हटलं. मग तिच्यापाशी खाली बसून, तिचं डोकं फरशीपासून धरून, ओरडूनच सांगितलं, “आहेत! वहिनी, जिवंत आहेत! नवी झडप चालतेय. आहेत ते!”

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कोण आहे ते तिला ओळखू येत नव्हतं. मग तिने माझ्या गालावर अशी थप्पड मारली की माझ्या कानात घंटा वाजली. नर्स धावत आली, डॉक्टर पुढे सरसावले. अक्कांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. सुनंदाचे डोळे वाहत होते. ज्या हाताने मारलं तोच हात तिने माझ्या गालावर तसाच ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आम्ही दोघी त्या फरशीवर एकमेकींना धरून रडत बसलो, आणि येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात राहिले.

शेवटी अक्का वाकून म्हणाल्या, “बातमी आली. आतां उठ, तुला जायचें असेल तर जा. बसला गर्दी होईल.” मी उठायला गेले. सुनंदाने माझं मनगट पकडलं. तिची पकड बँडवाल्याच्या बायकोची, चांगली घट्ट. “कुटं निघाला?” ती म्हणाली. “ते डोळं उघडतील तवा त्यास्नी कोन सांगनार, कुटं हायेत ते? हितं कुनाचं कुनाला कळत न्हाई. तुम्ही बसा.”

मी बसले.